सरांचं व्हायोलिन आणि एकेचाळीस वह्या

शाळेच्या गायनस्पर्धेत मी उजवा हात खिशात घातला, त्या क्षणापासून मी जो झालो तो मी, वय वर्षे तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, आज पूर्ण शुद्धीवर, नशापाणी न करता आणि कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मरायची घाई नाही. परवा मालवाहू बोटीवर नोकरीला जातो आहे आणि समुद्र कुणाचा सगा नाही, म्हणून.

हाताचा खुलासा आधी करतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सर शाळेत गाणं आणि चित्रकला दोन्ही शिकवायचे. शेवटची चार वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. हे ठाऊक फक्त त्यांच्या मुलीला आणि मला. मी त्यांचा जुना विद्यार्थी, वह्या सांभाळायच्या निमित्तानं मुलांच्या रांगेच्या टोकाला उभा राहायचो. सूर चढला की माझं बोट वर, उतरला की खाली, बरोबर असला की मूठ. त्या एका हातावर सर चाळीस मुलं सांभाळायचे.

स्पर्धेच्या सकाळी मी त्यांच्या मुलीला मागणी घातली. सरांनी माझे ओठ वाचले आणि म्हणाले, "आधी कॉलेज पूर्ण कर. अर्धवट माणसाला मी लेक देत नसतो." माझं डोकं फिरलं. दुपारी हात खिशात. मुलं सुरातून घसरत गेली, सर हसतमुखानं ताल देत राहिले. शेवटी वळले, तर सभागृह खदखदत होतं. लोकांना गाणं आवडलं असं समजून त्यांनी वाकून अभिवादन केलं.

आठवड्यात सरांची नोकरी गेली. अकरा महिन्यांनी सर गेले. तेवढे महिने मी त्यांच्या खोलीत राहून त्यांचं केलं. त्याची फुशारकी नको.

कलम १. माझी सायकल आणि कॉलेजची पुस्तकं वडिलांना. "आंधळ्याची काठी ऐकली होती, बहिऱ्याची आमच्याच घरात निघाली," असं ते चारचौघांत म्हणाले होते. पुस्तकं कोरी आहेत, रद्दीला चालतील.

कलम २. मुख्याध्यापकांना एक पाकीट. सरांनी जिन्याच्या भिंतीवर काढलेलं चित्र त्यांनी राखाडी रंगानं पुसलं. त्या रंगाचा पोपडा आत आहे. दुसरं काही नाही, पुढे त्यांच्या तसबिरीला हारसुद्धा माझ्याकडून नाही.

कलम ३. व्हायोलिन आणि एकेचाळीस वह्या सरांच्या मुलीला. हनुवटीखाली धरलं की हाडातून सूर कळतो, असं सर म्हणायचे. वह्यांत फक्त गाणाऱ्या मुलांची तोंडं आहेत, पानोपानी. उघड्या तोंडावरून सूर ओळखायला ते स्वतःला शिकवत होते. जाताना सगळं माझ्या नावे केलं. चिठ्ठीत लिहिलं, "हा माझे कान होता." खिशातला हात त्यांनी पाहिला होता. शाळेत मात्र "चूक माझी" एवढंच म्हणाले.

हात तिनंही पाहिला होता. हे सामान दोनदा तिच्या दारात ठेवलं, दोनदा परत आलं. माझ्या हातून घेत नाही, माझ्यामागे तरी घ्यावं. माझा तिच्यावर जीव आहे, हे कलमात बसत नसलं तरी लिहितो.

भर, सह्या होताना. साक्षीदार दोन लागतात. एक कोर्टाबाहेरचे अर्जनवीस काका. दुसरी म्हणून मी तिलाच बोलावलं, निदान कलम वाचेल म्हणून. आली, उभ्यानंच वाचलं.

काका म्हणाले, "पोरी, तू सही करू नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुझं कलम बाद होईल."

"नक्की?"

"कायदाच आहे तसा."

"मग पेन द्या."

मी ओरडलो, "अगं, बाबांच्या वह्या आहेत त्या!"

"बाबांनी तुला दिल्यात ना? मग तूच ठेव. एकेक पान बघत जा."

तिनं सही केली. कलम ३ मी खोडत नाही. कायद्यानं मेलं तरी कागदावर राहू दे.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: (सही) अर्जनवीस
साक्षीदार २: (सही) सरांची मुलगी
स्थळ: छापखान्यावरची सरांची भाड्याची खोली, आज रिकामी करून देत आहे
दिनांक: ९ जून, दुपारी

ता.क. ती गेली. "मग हे आता कुणाला?" काकांनी विचारलं. एवढं लिहून कागद त्यांच्या हवाली करतो. व्हायोलिन काखेत घेतलं, वह्यांचं गाठोडं पाठीवर. बोटीवर कुठेतरी जागा करीन. बाहेर पडतो. दार ओढून घेतो.