बाकावरची जागा

मंगळवार, संध्याकाळ

गुडघा पुन्हा गेला. कालच फिजिओनं हळूहळू पळायला परवानगी दिली होती, आणि आज बसवनगुडीच्या पार्कात दुसऱ्याच फेरीत कळ आली. लंगडत बाकाशी आलो. रोज तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी काही न विचारता सरकून जागा केली. मी अजून पंचेचाळिशीचाही नाही. एवढी कसली घाई होती यांना सरकायची?

"बसा अण्णा, स्वल्प दम खा," त्यांतले एक म्हणाले आणि स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत बसले. मीही ऐकत बसलो. घरी बायकोला फक्त उशीर झाला म्हणालो.

बूट उद्यासाठी दाराशीच ठेवलेत. गुडघा बरा होईलही. पण सरकून केलेल्या त्या जागेवरून मला उठावंसंच वाटत नव्हतं.