मदतीचा दुवा

तीर्थरूप आत्या,

खुर्चीतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे मजेत. बाबांचा खोकला आणि स्वभाव दोन्ही जिथल्या तिथे. तुला हल्ली अनोळखी लोकांचे फोन येतात असं ते म्हणाले. त्या विषयाकडे मी येणारच आहे, पण आधी आनंदाची बातमी ऐक. तुझ्या भाच्याने कंपनी गाजवली.

मी नक्की काय काम करतो हे तू दर भेटीत विचारतेस आणि मी दर वेळी पाणी प्यायला उठतो. तर दातांच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारा एक प्रोग्रॅम आमची कंपनी करते, आणि तो कसा वापरायचा याचं पुस्तक मी लिहितो. कागदावर नाही, पडद्यावर. त्यात काही शब्द निळे असतात. त्यावर टिचकी मारली की माणूस हव्या त्या ठिकाणी पोचतो. त्याला दुवा म्हणायचं. लिहिताना शब्द चौकोनी कंसात आणि पत्ता गोल कंसात घालायचा (मी सुरुवातीला उलटं केलं, तेव्हा लोकांना शब्द दिसेना आणि हातभर लांब पत्ता दिसायला लागला). पण खरी गंमत पुढेच आहे. पत्ता तळाशी एकदाच लिहायचा, त्याला एक नाव द्यायचं आणि वर पुस्तकभर नुसतं ते नाव टाकत जायचं. तळाची एक ओळ बदलली की सगळे दुवे बदलतात. हे कळलं तेव्हा मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पानापानावर मी 'मदत' हा दुवा पेरला, टिचकी मारली की थेट फोन लागणारा.

साहेबांनी बजावलं होतं की लोकांच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत तर पुस्तक लिहिणाऱ्याची गरज नाही, म्हणजे माझी. आणि आता तक्रारी बंद! तक्रार विभाग दुपारी बुद्धिबळ खेळतो. लोक कौतुकाची पत्रं पाठवतात. एका दंतवैद्याने पेशंट खुर्चीत असतानाच मदत मागितली, तर तिकडच्या बाई म्हणाल्या, "आधी त्या बिचाऱ्याला तोंड मिटू दे, मग बोल." दुसरी एक डॉक्टरीण लिहिते की बाई अडलेलं पान मोठ्याने वाचायला लावतात आणि वाचता वाचता उत्तर सापडतं. आत्या, माझं पुस्तक लोक वाचतात, तेही मोठ्याने. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

गुडघ्याला शेक दे. जिने चढू नकोस.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस) भाचा

ता. क. सरावासाठी तळाच्या ओळीत एक फोन नंबर हवा होता. मला तोंडपाठ असलेला नंबर एकच, तुझा. नंतर तिथे कंपनीचा घालायचा होता, तो राहिला. आमच्या तपासनीस बाईंनी सगळे दुवे चालतात का ते पाहिलं आणि 'मदत'पुढे शेरा मारला, 'पहिल्या रिंगला उचलतात.' काका गेल्यापासून तुला फोन करतं कोण?

आणखी एक ता. क. सोमवारी सकाळी साहेब मदत विभागाचं अभिनंदन करायला स्वतः फोन करणार आहेत. माझी नोकरी कायम व्हायची ती त्यावरच. तेव्हा त्यांना 'अहो' म्हण, 'जेवलास का' विचारू नकोस आणि मला लहानपणी काय म्हणायचे ते तर अजिबात सांगू नकोस.

शेवटचा ता. क. सोमवारनंतर ती ओळ बदलायची की राहू द्यायची, हे तूच ठरव. विचारायला काल दिवसभर तुला फोन लावत होतो, पण सारखा एंगेज. म्हणून तर हे पत्र.