कांडप यंत्राची तक्रार मागे घेणेबाबत, सोबत शांततेची सीडी

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
ध्वनी तक्रार कक्ष, कोल्हापूर.

अर्जदार : सौ. वर्षाराणी विजयसिंह देसाई, रा. गारगोटी, ता. भुदरगड.

विषय : शेजारील मिरची कांडप यंत्राविरुद्धची तक्रार निकाली काढणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ६ मे, ‘आवाज थांबल्याचा पुरावा सीडीवर सादर करावा.’

महोदय,

१. अर्जदाराच्या सासूबाई तानाबाई, वय ८१, यांचे खुब्याचे ऑपरेशन झाले असून डॉक्टरांनी त्यांना दुपारी सक्तीची झोप सांगितली आहे. भिंतीला भिंत लागून जोतीराम यांचे कांडप यंत्र आहे. ते सुरू झाले की फळीवरची भांडी नाचत आणि घर पडले असे समजून सासूबाई उठू पाहत. एकदा त्या काठी न घेताच उठल्या आणि उंबऱ्यापाशी पडता पडता वाचल्या. जोतीराम यांना विनंती केली असता, हंगाम दोनच महिन्यांचा, तेवढी कळ काढा, असे त्यांनी सांगितले. सबब अर्जदाराने मार्चमध्ये तक्रार केली. आपल्या कक्षाने आवाजाचे मुद्रण मागवले. पेनड्राइव्ह चालणार नाही, सीडीच हवी, असेही कळवले.

२. पहिली सीडी अर्जदाराने बाजारातून सुटी घेतली. दुकानदाराने ती देण्यापूर्वी आपल्या शर्टाला पुसली. संगणक केंद्रात ती ब्याण्णव टक्क्यांवर बंद पडली. त्याच गठ्ठ्यातली दुसरी घेतली, तीही ब्याण्णववरच. पुढची कोल्हापुरातून बंद डब्यातली आणली. ती केंद्रात वाजली, आपल्याकडे उघडली नाही. आपले लिपिक पिराजी यांनी ‘बाई, आत काय न्हाय’ असे तोंडी कळवले. मुद्रणानंतर ती सीडी ‘बंद’ करायची, म्हणजे दुसऱ्या संगणकावर उघडेल अशी पक्की करायची, राहिली होती, हे मागाहून समजले. त्यानंतरची उघडली असती, परंतु आवक क्रमांक तिच्या चकचकीत बाजूवर बॉलपेनने, जोर देऊन, घालण्यात आला.

३. एव्हाना केंद्रातील यंत्र बिघडले. गावात सीडी करणारा चालू संगणक उरला तो खुद्द जोतीराम यांच्याकडे. ते पूर्वी लग्नाचे शूटिंग करीत. अर्जदाराने दोन दिवस विचार केला, मग मन घट्ट करून गेली आणि खरे ते सांगितले. जोतीराम म्हणाले, “माझ्याच विरुद्धची हाय न्हवं, वैनी? मग नीट व्हाय पायजे. न्हायतर गाव म्हणंल, यानंच बिघडवली.”

त्यांनी नव्या डब्यातली सीडी कडेने धरली, उजेडात तिरपी करून चरे पाहिले, वेग सर्वांत कमी ठेवला व काम होईपर्यंत संगणकाला कुणाला हात लावू दिला नाही. वर, पूर्ण ऐकल्याशिवाय सीडी झाली असे म्हणायचे नसते, असे सांगून ते स्वतः ऐकत बसले. सातव्या मिनिटाला यंत्राच्या दणक्यातून सासूबाईंचा आवाज आला, “वर्षा, घर पडलं काय बघ की गं.” जोतीराम यांनी आवाज बंद केला. “म्हातारी रोज अशी उठती?” एवढेच त्यांनी विचारले. अर्जदाराने होय म्हटले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राखाली जाड रबर घातले, भिंतीशी भुश्श्याची पोती रचली आणि एक ते चार यंत्र बंद ठेवू लागले. ती सीडी त्यांनी अर्जदाराच्या हाती दिली. अर्जदाराने ती आपल्याकडे पाठवली नाही.

४. सबब तक्रार मागे घेत आहे. आवाज थांबल्याचे अर्जदाराने कळवल्यावर आपण मागितलेला पुरावा सोबत आहे. दुपारी दोन वाजताचे बावीस मिनिटांचे हे मुद्रण जोतीराम यांनीच केले असून दोघांनी पूर्ण ऐकले आहे. कृपया ती कोरी समजून परत करू नये. तेराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत जे बारीक घोरणे ऐकू येते ते तानाबाईंचे आहे. तोच पुरावा ग्राह्य धरावा, ही विनंती.

आपल्या कक्षास यापुढे तसदी न देणारी,

सौ. वर्षाराणी वि. देसाई
गारगोटी, दि. १४ मे

सोबत : सीडी एक.