नवरा असल्याचा पुरावा

४ जानेवारी
संकल्प: या वर्षी ही आणि लेक इकडे आलीच पाहिजेत. चार वर्षं एकट्याने काढली, पुष्कळ झालं. फॅमिली व्हिसाचा फॉर्म डाउनलोड केला. सत्तावीस पानं. हिने फोनवर सुचवलं, एखादा वकील बघा. मला हसू आलं. अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी धुऊन वॉर्डावॉर्डात वेळेवर पोचवणारा लाँड्री सुपरवायझर मी. मला सत्तावीस पानांसाठी वकील?

२० जानेवारी, दुपारी
प्रश्न क्रमांक चौदा: लग्नाची तारीख. उन्हाळा होता हे नक्की. हिला विचारलं असतं, पण मी विसरलो असा तिचा उगाच समज व्हायचा. विसरलेलो नाही. आत्ता आठवत नाही, एवढंच. लेकीच्या वयावरून मागे मागे जात बारा मे काढली. तर्काला धरून आहे.

२३ जानेवारी
जोडीदाराशी किती वेळा बोलता? रोज, असं लिहिलं. जवळजवळ रोजच. जोडीदाराचा व्यवसाय: गृहिणी. मुलीची इयत्ता: पाचवी. पेन कुठेही अडखळलं नाही. फॉर्म रवाना.

९ फेब्रुवारी
मी वकिलाशिवाय फॉर्म भरला हे लाँड्रीत सगळ्यांना कळलं आहे. (मीच सांगितलं.) आमचा व्हॅन ड्रायव्हर आईला इकडे आणायच्या खटपटीत आहे. कुणा वकीलबाईंची अपॉइंटमेंट घेणार होता. वेळीच थांबवलं. त्याचा फॉर्म चहाच्या सुट्टीत ड्रायरवर ठेवून स्वतः भरून दिला. "दादा, तुम्ही होतात म्हणून," म्हणाला. रिटायर झाल्यावर हेच करावं की काय?

२ एप्रिल
पत्र. दोघांची वेगवेगळी मुलाखत. माझी इथल्या ऑफिसात, हिची तिकडे. ही म्हणाली, एकदा निवांत बसून सगळं बोलून घेऊ या का? मी म्हटलं, खरं बोलायची कसली रंगीत तालीम? शिवाय तीन नंबरच्या मशीनचा बेल्ट तुटला होता.

६ मे
मुलाखत झाली. अधिकारी म्हणजे एक तरुण मुलगी, बोलायला गोड. बायको सकाळी किती वाजता घराबाहेर पडते? मी म्हटलं, कशाला पडेल? तिने काहीतरी टाइप केलं. मुलीची जवळची मैत्रीण कोण? मी म्हटलं, सगळ्याच जवळच्या. बायकोला कशाची ॲलर्जी? आमच्याकडे असली थेरं नाहीत, म्हटलं. तिने बराच वेळ टाइप केलं. एकंदरीत खेळीमेळीत पार पडलं.

१७ जून
नकार. हे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही, असं लिहिलंय. म्हणजे सरकारच्या मते मी हिचा नवराच नाही! हिला फोनवर 'टेक्निकल अडचण' एवढंच सांगितलं.

१८ जून
ही म्हणाली, पत्र वाचून दाखवा. एकही शब्द गाळू नका. वाचलं. ही दोन वर्षं दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. सकाळी आठला निघते. लेक सातवीत आहे. हिला पेनिसिलिन चालत नाही, त्यापायी मागच्या वर्षी दोन दिवस ॲडमिट होती. हे सगळं हिने तिकडे मुलाखतीत सांगितलेलं. मलाही सांगितलं होतं म्हणे. नोकरीचं थोडं आठवतं. मी तात्पुरती समजलो होतो.
वाचून झाल्यावर तिने पत्राची तारीख तेवढी लिहून घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "उद्याच्या उद्या वकिलाकडे जा."

८ जुलै
उद्याच्या उद्या जमलं नाही. आज गेलो. चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना, वर दोन खोल्या, खुर्च्यांवरसुद्धा फायली. बाहेर बाकावर आमचा ड्रायव्हर! त्याच्या आईचा अर्जही परत आलाय. 'आई मुलावर अवलंबून आहे का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. स्वाभिमानी वाटेल म्हणून. त्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला जागा व्हावी म्हणून. मी उभाच राहिलो. पाय मोकळे करतोय म्हटलं.
आत वकीलबाईंनी लग्नाचं सर्टिफिकेट पुढे ठेवलं. अठ्ठावीस नोव्हेंबर. मे कुठून आणलात, विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी मला फार घाम येत होता.

१५ जुलै
पुरावा म्हणून आमचे तीन वर्षांचे मेसेज प्रिंट केले. हिची एक्केचाळीस पानं. माझी अडीच. हिचं: लेकीचा ताप उतरला. हिचं: आज माझा पहिला पगार. माझं: अंगठा. बरं. नंतर बोलतो. अंगठा.
माझं पूर्ण वाक्य दिसेल तिथे वकीलबाई पिवळी चिठ्ठी लावत होत्या. चार लागल्या. चौथी 'वायफायचा पासवर्ड काय होता' याला. हे चालेल का, विचारलं. त्यांनी ती चिठ्ठी काढून घेतली.

३ ऑगस्ट
अपिलासाठी माझं निवेदन हवं: एवढ्या चुका का झाल्या, स्वतःच्या शब्दांत. लिहिलं: कामाचा ताण, दोन देशांच्या वेळेतला फरक, नेटवर्क. वकीलबाईंनी तिन्ही खोडलं. मग लिहिलं: मी मुळात मितभाषी. त्या म्हणाल्या, दीड तास झाला, मी तुम्हाला थांबवायचा प्रयत्न करतेय.

१२ ऑगस्ट
पाचवा मसुदा. दोनच वाक्यं राहिली. 'ती सांगत होती. मी ऐकत नव्हतो.' वकीलबाई म्हणाल्या, हे राहू द्या. टायपिस्टने टाइप केलं आणि सहीसाठी पुढे सरकवताना माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरची माफी मागायचं ठरवलं. आज त्याची सुट्टी आहे, नाहीतर आजच मागितली असती.

२४ ऑगस्ट
मागितली. तो ट्रॉली ढकलतच होता. म्हणाला, आईला आता जिना चढवत नाही, पाणी शेजारची आणून देते. वकीलबाईंनी ते नव्याने लिहिलंय. मी ट्रॉलीला हात लावला. "राहू द्या," म्हणाला. दादा म्हणाला नाही.

२१ ऑक्टोबर
सुनावणी. ही स्क्रीनवर. केस कापलेत. कधी कापले विचारणार होतो, पण तिथे सगळे ऐकत होते.
न्यायाधीशांनी तिला विचारलं, या माणसाला तुमच्याबद्दल इतकं कमी माहीत आहे, तरी यांच्यासोबत राहायचंय? ती म्हणाली, "मला त्यांच्याबद्दल सगळं माहीत आहे. चिडले की भांडी घासत बसतात. आजारी पडले तर सांगत नाहीत. वाईट नाहीत. पण मुलीला बाप हवाय, आणि तो फोनवर मिळत नाही."
वकीलबाई टेबलाकडे बघत होत्या. मीही.

५ नोव्हेंबर
मंजूर! निकालात लिहिलंय, पत्नीची साक्ष विश्वासार्ह. माझ्या साक्षीबद्दल अवाक्षर नाही.
लेकीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म आणला. तिसऱ्याच ओळीला अडलो: मुलीच्या आवडीनिवडी. ठरवलं, अंदाजाने काही लिहायचं नाही. मोबाइल बंद पडला होता, म्हणून लाँड्रीच्या ऑफिसातून फोन लावला. लेकीनेच उचलला. मी म्हटलं, काय गं, कशी आहेस, काय चाललंय?
ती अगदी अदबीने म्हणाली, "आई कामावर गेलीय. आली की सांगते. कोणाचा फोन होता म्हणून सांगू?"
मी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.