निव्वळ माल

आदरणीय साडूबुवा यांस, धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वाकताना दुखतो म्हणून ऐकले होते. तरी रोजच्या रोज एवढी वांगी तोडता, म्हणजे बराच असावा. ताईंची तब्येत उत्तम आहे हे त्यांच्या रोजच्या फोटोंवरून कळतेच. इकडे मी ठीक. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर लावून मध्ये ठेवायची पद्धत आहे, आणि सध्या तिथे आमची हीसुद्धा ऐकायला बसलेली असते. म्हणून पत्र. वाचून झाल्यावर ते ताईंच्या हाती लागू देऊ नये.

ही रागावून तुमच्याकडे का निघून आली ते तिने तिच्या पद्धतीने सांगितले असेलच. आता माझी बाजू ऐका. साडूबुवा, याचे मूळ तुमच्या टोपलीत आहे. तुम्ही भाजी पिकवा, खा, वाटा, माझे काही म्हणणे नाही. पण रोज संध्याकाळी टोपलीचा फोटो आणि खाली 'आज सव्वाचार किलो' हे हिच्या फोनवर पाठवायची काय गरज होती? ही ते मला वाचून दाखवायची, आणि वाचून झाल्यावर आमच्या मागच्या अंगणाकडे बघून काहीही बोलायची नाही. बोलली असती तर भांडता आले असते. मी ते फोटो मोठे करून पाहायचो. (मंगळवारच्या टोमॅटोंपैकी एकाच्या गालावर खळी होती. तीच खळी गुरुवारच्या टोपलीतही होती. मी तेव्हा गप्प बसलो. आताही काही म्हणत नाही, फक्त नोंद करतो.)

मग मीही मोजायचे ठरवले. ही म्हणाली, स्वयंपाकघरासाठी एक लहानसा काटा आणा. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचे आयुष्य ट्रकच्या वजनकाट्यावर गेले त्याने काटा विकत आणायचा? आमची पद्धत सरळ आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी घ्यायची, वजाबाकी केली की निव्वळ माल. शाळा गावातली असली तरी वजाबाकी माझी पक्की आहे. घरात डॉक्टरांनी माझ्यासाठी घ्यायला लावलेला, उभे राहायचा काटा होताच. मी सकाळी उठल्याबरोबर हिला रिकामी टोपली देऊन त्याच्यावर उभे करायचो. ती झाली रिकामी गाडी. मग ती भाजी तोडून आली की टोपलीसकट पुन्हा उभी. ती भरलेली. दोन्ही आकडे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर, आणि खाली ठळक अक्षरात निव्वळ माल.

सुरुवातीला फार बरकत आली. एक काकडी आणि मूठभर घेवडा निघाला त्या दिवशी निव्वळ माल भरला पावणेदोन किलो! मी तो आकडा तुम्हाला लगेच कळवलाही. (तुमच्याकडून त्या संध्याकाळी फोटो आला नाही. देवाशप्पथ सांगतो, जेवण गोड लागले.) पण ताईंनी हिला विचारले, "अगं, एक काकडी एवढी जड कशी?" तेव्हा उलगडा झाला की दोन वजनांच्या मध्ये ही दोन कप चहा पिते, नाश्ता करते, पायात चपला चढवते, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावते, आणि हे सगळे आमच्या बागेच्या उत्पन्नात जमा होत होते. काट्यावर ट्रकचा ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली उतरवायचा हा पहिला नियम, पण चहाबद्दल नियमात काही नाही.

तेवढ्यावर निभावले असते. पण शेजारच्या बाई साखर मागायला आल्या आणि फ्रिजसमोर उभ्या राहून मोठ्याने वाचू लागल्या, "रिकामी, एकाहत्तर... अहो, ही रिकामी कोण?" मी खरे ते सांगितले. त्यानंतर ही मला म्हणाली, "या घरात रिकामं कोण आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भाऊजींनी ताईला कधी काट्यावर उभं केलंय?" आणि बॅग भरली. आठ दिवसांसाठी जाते म्हणाली. आता कळते की वांगी संपेपर्यंत राहणार. आणि तुमची वांगी, देवाची कृपा, संपत नाहीत.

मी एकटा काय करणार? रविवारी होती नव्हती ती सगळी भाजी तोडली, टोपलीत घातली आणि कामावरच्या मोठ्या काट्यावर नेली. म्हटले, एकदा सरकारी शिक्क्याच्या काट्यावर काय ते होऊन जाऊ दे. टोपली मधोमध ठेवली, मी बाजूला झालो आणि वर आकडा पाहिला. शून्य. तो काटा दहा किलोच्या पायऱ्यांनी चढतो, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो होतो. मागे थांबलेला ड्रायव्हर ओरडला, "साहेब, गाडी कधी घेताय काट्यावर?" मी टोपली उचलली. मनात आले, वरच्याचा काटाही असाच असेल. त्याच्यापुढे माझी काकडी शून्य आणि तुमची वांगीही शून्यच, मग मत्सर तो कशाचा? मन अगदी शांत झाले. मग शंका आली की तुमची टोपली कदाचित एक पायरी चढेल, आणि सगळे चिंतन मोडले.

असो. हिला घाई करू नये. मी छान आहे. स्वयंपाक येतो, घर आवरलेले आहे. ताईंना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जावे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. — ताई आता फोटो मला पाठवतात. कालच्या फोटोत टोपली तुमची होती, पण ती धरणारा हात आमचा होता, आणि खाली लिहिले होते, 'आज पावणेसहा किलो, तोडणी धाकटीची'. माणूस आमचे आणि माल तुमच्या नावावर, हे कुठल्या काट्यात बसते? ती आल्यापासून तोडलेला माल तुमच्या बेरजेतून वजा करून आमच्याकडे धरावा ही विनंती.

पुन्हा ता. क. — वरचे राहू द्या. माल सगळा तुमचाच. हिला तेवढी शुक्रवारच्या बसने पाठवा. घर आवरलेले नाही. मी बोलावले असे सांगू नका, ती येणार नाही. सांगा की वांग्यांना कीड लागली, आता तोडण्यासारखे काही उरले नाही. खोटे बोलल्याचे पाप मी माझ्याकडे घेतो.

शेवटचा ता. क. — कीड खरोखरच लागली तर मात्र माझ्यावर संशय घेऊ नये. मी देवाजवळ तसे मागितले होते हे खरे, पण दोनदाच, आणि दुसऱ्या वेळी फक्त पानांना लागावी असे म्हटले होते.