दवाखान्याला शिस्त लावताना

४ जून १९३४
बोर्डाच्या दवाखान्याचा चार्ज घेतला. दुसरबीडपासून दोन कोसांवरचं गाव, पण स्वतःलाच म्हटलं, वामनराव, माणसाची परीक्षा आडगावीच होते. आधीचे डॉक्टर फारच मऊ होते म्हणे. स्टाफ तिघांचा. अब्दुल गनी कंपाउंडर, दाढी पांढरी. सरवरी दाई. कडूबा शिपाई. औषधं कोणीही देतो, माणसं सांभाळणं ही खरी कला, आणि ती माझ्यात उपजत आहे. तासभर भाषण दिलं. सरवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कडूबा डोळे मिटून ऐकत होता. सहा महिन्यांत मॉडेल दवाखाना, मग बुलढाण्याच्या मोठ्या इस्पितळात बदली.

५ जून
सरवरीचे डोळे आलेले आहेत. गनीने थेंब घातले.

६ जून
मस्टर सुरू. दहाच्या ठोक्याला सही, नाहीतर अंगठा. सरवरी अकराला आली. पहाटेपासून तेल्याकडे बाळंतपणात होती म्हणे. ड्यूटीची वेळ समजावून सांगितली, तर म्हणते, "लेकरू काय मस्टर पाहून येते का, साहेब?" उद्धटपणा. पण मी चिडलो नाही. सरळ नियमच केला. दहा ते पाच माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणीही आवार सोडायचं नाही. गनीला काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, लिहून दे. त्याने लिहिलं नाही. सगळे गप्प. इतक्या लवकर शिस्त लागेल असं वाटलं नव्हतं.

हिला रात्री जेवताना सगळं सांगितलं. ही म्हणाली, घरात तेवढं मस्टर लावू नका.

१५ जून
पाटलांकडे आमरसाचं जेवण. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. जेवण झाल्यावर तिथेच जरा डोळा लागला. परत आलो तर सरवरी पायरीवर बसलेली. कुंभारवाड्यातली रुखमाबाई अडली होती, बोलावणं सकाळीच आलं होतं, परवानगी द्यायला मी नव्हतो. ताबडतोब दिली. ती धावत गेली.
मूल मेलेलं निघालं. बाई वाचली.
वाईट झालं. पण पाटलांच्या घरी निरोप पाठवता आला असता. कडूबाला विचारलं, तर म्हणतो, मी आलो होतो, पाटलांच्या गड्याने साहेब झोपले म्हणून परत पाठवलं. म्हणजे चूक गड्याची.

१६ जून
सरवरी वेळेवर आली. अंगठा दिला. दिवसभर एक शब्द बोलली नाही. तिच्यात चांगली सुधारणा आहे.

२ जुलै
सुधारणा टिकली नाही. दुपारी साळ्याच्या घरून बोलावणं आलं. मी इथेच होतो, फक्त अर्ज वाचून सही करायची होती. पण बाईने अर्जाचं नावही काढलं नाही, तशीच निघून गेली. पोरगा झाला. साळी पेढे घेऊन आला, तेही सरवरीला शोधत. मेमो काढून तिला सस्पेंड केलं. कागद वाचून दाखवला. वाटलं होतं रडेल, हातापाया पडेल. मग मी मोठ्या मनाने माफ करणार होतो. तिने कागद घेतलासुद्धा नाही. "तुमच्याजवळच राहू द्या, साहेब. मले वाचता येत नाही, अन् मले उशीर होऊन राह्यला." आणि गेली. दुसऱ्या बाळंतिणीकडे!

५ जुलै
गनी भेटायला आला. म्हणाला, "साहेब, बाई नाही तं बाया येनार नाहीत. गावच्या बाया मरदासमोर तोंड उघडत नाहीत." मी म्हटलं, गनी, बाया वेगळ्या, डिसिप्लिन वेगळी. तो बाटल्या धुवायला गेला.

२० जुलै
बाह्यरुग्ण निम्म्यावर. गावाचं आरोग्य सुधारतं आहे. रिपोर्टमध्ये घालावं.

२८ जुलै
गनीची एक वाईट खोड. बाटली देताना कुठल्याही बुढीला घरचं सगळं विचारतो. सून नांदते का, म्हैस व्याली का. सरकारी वेळेचा नाश. ऑर्डर काढली, रुग्णांशी औषधापुरतंच बोलावं. नजर ठेवायला कडूबाला नेमलं. कडूबा माझा उजवा हात होणार.

९ ऑगस्ट
मनकर्णाबाई म्हणून एक बुढी येते दम्यासाठी. आज गनीने तिला मुकाट्याने बाटली दिली. तिने विचारलं, "काऊन रे गनी, माह्यावर रागावला का?" तो पुढची बाटली भरायला लागला. ती बाटली तिथेच ठेवून गेली. गनीने माझ्याकडे पाहिलं. मी कडूबाकडे पाहिलं. कडूबा नजर ठेवून होता.

१० ऑगस्ट
गनीचा अर्ज. नोकरीतून मोकळं करावं. हे लोक असे धाक घालतात. खंबीरपणा दाखवायला तिथल्या तिथे मंजूर केला. आता नक्की मागे घेईल.

११ ऑगस्ट
गनी येऊन आभार मानून गेला. कपाटाच्या किल्ल्या दिल्या. कुठली बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही तेही सांगितलं. दारापाशी थांबून म्हणाला, "सरवरीले परत बलावून घ्या, साहेब. माहं सोडा." विचार करीन म्हटलं. केला. नाही.

३ सप्टेंबर
हिवतापाची साथ. कडूबाला कंपाउंडरचं काम शिकवतो आहे. तो म्हणतो, "मले या बाटल्यायचा भेव वाटते, साहेब. कोनी मेलं गिलं तं?" आत्मविश्वास ही गोष्ट द्यावी लागते. दीड तास दिला.

४ सप्टेंबर
कडूबा आला नाही. त्याची बायको सांगून गेली, तो साखरखेर्ड्याला मेव्हण्याच्या शेतात निंदायला गेला. केव्हा येईल? "आता नाही येत तो."
मस्टरवर आज एकच नाव. माझं. वेळेवर.

१९ सप्टेंबर
मलाही ताप. थंडी वाजून दात वाजत होते. हिने मला न विचारता गनीला बोलावलं. त्याने क्विनीन पाजलं, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, हिला विचारलं माहेरी सगळं ठीक आहे ना. मी ग्लानीत त्याला म्हणालो म्हणे, परत ये. तो म्हणाला, "आराम करा, साहेब." म्हणजे विचार करतो आहे.

३० सप्टेंबर
गनी विचार वगैरे करत नाही. त्याच्या ओसरीवर माणसांची रांग लागते. सरवरी आत बायांना पाहते. हीसुद्धा कंबर दाखवायला तिथेच जाऊन आली. मी खडसावलं. ही म्हणाली, "मला परवानगी लागते हे माहीत नव्हतं."

१८ ऑक्टोबर
सिव्हिल सर्जन साहेब इन्स्पेक्शनला आले. सकाळी मीच झाडलं, मीच पाणी भरलं. माझी पद्धत सविस्तर समजावून सांगितली. त्यांनी मध्येच विचारलं, जूनपासून दवाखान्याच्या दाईने किती बाळंतपणं केली? म्हटलं, नियमाप्रमाणे एक. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. मग रुखमाबाईचं नाव घेऊन विचारलं. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मी पाटलांच्या गड्याचं सांगितलं. चहा न घेताच गेले. घाईत असावेत.

१२ नोव्हेंबर
बोर्डाचा हुकूम. रुग्ण नसल्यामुळे दवाखाना बंद. सरवरीला दुसरबीडच्या दवाखान्यात कायम नेमणूक. मी पुढील हुकूम येईपर्यंत थांबावं. कुठे थांबावं ते लिहिलेलं नाही.
हिने सामान बांधायला घेतलं. मेहकरला भावाकडे जाते म्हणाली. मी किती दिवस विचारलं. ट्रंकेला दोरी आवळत राहिली.

२० नोव्हेंबर
दार लावून बाहेर पडत होतो, तेवढ्यात एक बैलगाडी समोर येऊन थांबली. वाडीवरचा शेतकरी. मागे गवतावर त्याची बायको, पोट धरून कण्हत होती. "सरवरीबाई कुठी हाय?" त्याने विचारलं. दुसरबीडला, म्हटलं. पण मी डॉक्टर आहे. त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरून नकारार्थी मान हलवली. तो बैलांच्या तोंडाशी गेला. रस्ता दगडांचा आहे, धक्के बसतील, मी म्हटलं. "हाव," म्हणाला. मी डॉक्टर आहे असं मी त्याला पुन्हा सांगितलं. तोवर गाडी वळली होती.