पाण्याकडे पाठ करून

मात्सुए, २० एप्रिल

ती. फुमिएताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघून चार दिवस झाले, पण लाँड्रीमागच्या दोऱ्यांवर हलणाऱ्या चादरी अजून डोळ्यांसमोर आहेत. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून आपली पत्रंच बरी.

मी मिकुराला आलो होतो तो शाळेच्या बेसबॉल संघातल्या ओहाराचा चेंडूफेकीचा हात पाहायला, हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या मैदानावर जाळीमागे आम्ही सहा व्यावसायिक संघांचे, खेळाडू हेरणारे सहा पारखी ओळीने बसलो होतो. त्या पिचरने चेंडू टाकला की सगळे एकदम माना खाली घालून वेग लिहीत होते. माझा गुडघा धरला म्हणून मी उठलो आणि फिरत फिरत मैदानापलीकडे नदीच्या बांधावर जाऊन बसलो. नदीवर धुकं होतं. तिथून जवळ असा एकच मुलगा दिसत होता, मैदानाच्या पार टोकाला, मधोमध उभा असलेला. बॅटचा आवाज माझ्यापर्यंत यायच्या आधीच तो वळला होता. चेंडूकडे पाठ करून धावला, एकदाही वर न बघता हात पुढे केला, आणि चेंडू त्यात येऊन पडला. ताई, मी श्वास घ्यायचा विसरलो.

वहीत काहीच लिहिलं नाही, कारण आमच्यात शेजाऱ्याची वही वाचण्यात सगळेच तरबेज. आता तू मला एवढंच कळव, की तो कुणाचा कोण. पण कुणाला विचारू नकोस आणि कुणाला सांगूही नकोस. शाळकरी खेळाडूशी आम्हाला बोलायची मनाई आहे. शरदात त्याने स्वतः अर्ज भरून द्यायचा, की मला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो अर्ज गेला नाही तर कुठलाच संघ त्याला घेऊ शकत नाही. गेला तर महिनाअखेरीस सगळे संघ एका सभागृहात बसतात आणि पाळीपाळीने नावं पुकारतात. मला या पोराचं नाव अगदी शेवटी हवंय, सगळे दमलेले असताना. तोवर तो कुणाच्या नजरेत येता कामा नये. पुढच्या वेळी मी गळ घेऊन येईन आणि बांधावर मासे धरत बसेन.

माझी आठवण काढत राहा.
तुझा धाकटा,
तेत्सुरो


मिकुरा, २८ एप्रिल

चि. तेत्सुरोस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बासष्टाव्या वर्षी तू मासे धरणार हे वाचून मला इतकं हसू आलं की इस्त्री उचलायची राहिली आणि डॉक्टरसाहेबांच्या बाहीवर पिवळा डाग पडला. लहानपणी गळाला किडा लावायचा तर तू डोळे मिटून माझ्याकडे द्यायचास.

तुझा पोरगा मला कुणाला विचारायची गरजच नाही. तो सेगावांचा इत्सुकी. त्याची आई आठ वर्षं माझ्याकडे इस्त्रीला आहे. वडील मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येतात. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण कपडे कळतात. सगळ्या संघाचे कपडे माझ्याकडे येतात. बाकीच्यांच्या पँटी मागे मळलेल्या, म्हणजे बसतात फार. याच्या मोज्यांचे अंगठे तेवढे विरलेले, बाकी सगळं धड.

आणखी एक सांगते. चेंडू माझ्या वाळवणात येऊन पडतात हे तू पाहिलंसच. पोरं कुंपणावरून उडी मारून नेतात, पळतात. इत्सुकी मात्र वळसा घालून पुढच्या दाराने येतो, टोपी काढतो, आणि चादरीला माती लागली असेल तर ती काढून घेऊन स्वतः पुन्हा धुतो. ओहाराने मारलेला चेंडू असला तरी. तुझ्या वहीत याला कुठला रकाना आहे कोण जाणे.

कुणाला काही सांगणार नाही, शब्द दिला. येशील तेव्हा शिंपल्यांचं मिसो सूप करीन.

अंगाला जपून राहा.
ताई


योनागो, २२ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

परवा तिसऱ्यांदा येऊन गेलो. तुझ्याकडे डोकावलो नाही, कारण समोरच्या चहाच्या दुकानात एका संघाचा पारखी बसला होता. राग धरू नकोस. सुपावरचा हक्क मी सोडलेला नाही.

बांधावरचे ते चार तास कसे जातात मला कळत नाही. वेतांच्या बेटातून वारा येतो, मागे नदी कुजबुजत असते, आणि समोर तो एकटा उभा असतो. कधी कधी तासभर त्याच्याकडे चेंडूच येत नाही. तरी प्रत्येक चेंडूला तो दोन पावलं सरकतो आणि परत जागेवर येतो. मला वाटतं असंच बसून राहावं, दिवस मावळूच नये. कालच्या स्वप्नात तो धावतच राहिला, कुंपण नव्हतं, पार समुद्रापर्यंत मोकळं गवत होतं.

जागेवर आला की तो आधी मैदानाला वाकून नमस्कार करतो आणि मग वळून मला. कुणीतरी म्हातारा बसलाय म्हणून करत असेल. मला उलट नमस्कार करता येत नाही, कारण उद्या कुणी म्हणायचं की यांची ओळख आहे. मी टोपी पुढे ओढून घेतो. ही गोष्ट मला लागते.

तुला म्हणून सांगतो, हे माझं शेवटचं वर्ष. एकतीस वर्षांत मी सुचवलेली माणसं पुष्कळ आली, पण त्यांना आणखी दहा जणांनी पाहिलं होतं. ज्याला फक्त मी पाहिलं, असा एकही नाही. हा एक माझा व्हावा, मग मी खुशाल घरी बसेन.

माझ्या गळाचं लाल बोंडूर, ते पाण्यावर तरंगणारं, परवा वेतांत अडकून तुटलं. ते सापडलं तर ठेव, नवं घ्यायचं माझ्या जिवावर येतं.

आशीर्वादाचा हात असू दे.
तेत्सुरो


मिकुरा, २० सप्टेंबर

चि. तेत्सुरोस आशीर्वाद.

आज थट्टा नाही. नीट बसून वाच.

जुलैच्या स्पर्धेत आपली पोरं दुसऱ्याच सामन्यात हरली आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचा खेळ तिथेच संपला, हे तुला माहीतच आहे. ओहारा अजून सराव करतो. त्याला बघायला सुटाबुटातले लोक येतात, शाळेच्या फाटकाशी गाड्या उभ्या असतात. इत्सुकी शनिवारी फक्त चेंडू गोळा करायला जातो.

काल त्याच्या आईने इस्त्री करता करता सांगितलं, की तो शाळा संपल्यावर, येत्या एप्रिलपासून कागद गिरणीत लागणार. मी विचारलं, आणि तो अर्ज? तर म्हणाली, आणलाच नाही त्याने. त्याचं म्हणणं असं, की ओहाराला बघायला अकरा माणसं आली, मला बघायला एक तरी आलं का? माणसाने आपली पायरी ओळखावी, आई, तू उगाच आशा लावून बसू नकोस. हे सांगताना बाई कॉलर दाबत होती, एकच कॉलर तीनदा दाबली.

तेत्सुरो, आमच्या दोघींच्या मध्ये फक्त इस्त्रीची वाफ होती. दोनदा माझ्या ओठांवर आलं, की अगं, आलंय ना, गळ घेऊन बसलंय. पण मी शब्द दिलाय. आणि माझ्या तोंडून तुझा निरोप गेला तर तो नियमभंगच, आणि भोगावं लागायचं त्या पोराला. म्हणून गिळलं. रात्री जेवण गेलं नाही.

तू पोराला इतकं नीट लपवलंस की ते त्याच्यापासूनसुद्धा लपलं. मला तुझा रागही येतो आणि तुझी कीवही येते. तुला तो हवाय, कळतं मला. पण नियमाने तुझं तोंड बांधलंय, चेहरा नाही बांधलेला. काय ते ठरव. पंधरा तारखेला मुदत संपते.

तुझी,
ताई


ओकायामा, ६ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. उत्तर लिहायचं धाडस नव्हतं.

शनिवारी आलो. गळ आणला नाही. निळा सूट घातला, संघाची पट्टी छातीला लावली. जाळीमागे बाकीचे पाचही जण ओहारासाठी बसलेले होते. मला पाहून एकजण सरकला आणि म्हणाला, या तेत्सुरोसान, बसा, उन्हाळाभर होता कुठे? मी बसलो नाही. त्या सगळ्यांसमोरून, कुंपणाच्या कडेने, सावकाश चालत मैदानाच्या पार टोकाला गेलो आणि इत्सुकीच्या समोर कुंपणाबाहेर उभा राहिलो. ओहाराकडे न बघता.

तो चेंडूंची बादली घेऊन उभा होता. त्याने सवयीने वाकून नमस्कार केला. मी टोपी काढली आणि त्याच्यापेक्षा खाली वाकलो. बोललो काही नाही. मग दोन तास तसाच उभा राहिलो, गुडघा ठणकत असताना. त्याच्याकडे चेंडू फक्त चार आले.

मान वळवून पाहिलं तेव्हा जाळीमागचे चार जण उठून माझ्याकडे यायला लागले होते. वह्या उघडलेल्या होत्या. मी कुणासाठी असा उभा राहत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. तो माझ्या हातचा गेला, ताई. परतीच्या गाडीत मात्र झोप फार गाढ लागली.

तू रागावलीस ते बरं केलंस. अशीच रागावत जा.
तेत्सुरो


मिकुरा, १४ ऑक्टोबर (कार्ड)

चि. तेत्सुरोस आशीर्वाद. कार्डावर मावेल तेवढंच लिहिते. आज दुपारी इत्सुकी शाळेतून धावत दुकानात आला आणि आईला म्हणाला, शिक्का दे. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर अर्ज पसरला, बाईने घराण्याचा शिक्का उमटवला, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही तिघंही कागदावर फुंकर मारत होतो. अर्ज गेला. जेवत जा वेळेवर. ताई.


ओसाका, ३१ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुला बातमी टीव्हीवरून कळली असेलच. ओहारा दुसऱ्या फेरीत गेला. आम्ही इत्सुकीचं नाव सहाव्या फेरीसाठी ठेवलं होतं. मी वरिष्ठांना सांगितलं होतं, की आता सहावी उशिराची आहे, वर घ्या. ते म्हणाले, नदीकाठच्या पोराला कोण घेतंय. चौथ्या फेरीत दुसऱ्या संघाने पुकारलं, सेगावा इत्सुकी, मिकुरा. त्या शनिवारी जो पारखी माझ्याजवळ सगळ्यात आधी पोचला होता, त्याचाच संघ.

सभागृहात मोठा आवाज होत नाही, पण नाव पुकारल्यावर क्षणभर मला नदीचा आवाज आल्यासारखं वाटलं. माझ्या खिशात त्याच्या नावाची चिठ्ठी होती, एप्रिलपासून. आमचे साहेब माझ्याकडे बघत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. डोळ्यांत पाणी आलं. पण चौथी फेरी, ताई. मी त्याला सहावीत लपवणार होतो.

डिसेंबरात टेबल रिकामं करतो. मग काय करायचं, सुचत नाही.

जवळ बोलवत जा.
तेत्सुरो


मिकुरा, ९ नोव्हेंबर

चि. तेत्सुरोस अनेक आशीर्वाद.

काल इत्सुकी आणि त्याची आई तांदळाच्या पिठाची गोड मोची घेऊन घरी आले. पोरगा बैठकीत गुडघ्यांवर ताठ बसला आणि मला विचारलं, की बांधावरचे गळवाले आजोबा तुमचे कोण? आता निवड होऊन गेली, तेव्हा मी सांगून टाकलं.

त्यावर तो म्हणाला, मला पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं की ते मासे धरायला येत नाहीत. मी म्हटलं, ते कसं? तर हसून म्हणाला, आजी, मासे धरणारा माणूस कधी पाण्याकडे पाठ करून बसतो का? त्यांचा गळ मागे पाण्यात वाहत असायचा आणि ते माझ्याकडे बघत असायचे. मला वाटायचं, कुणाचे तरी आजोबा असतील, त्यांना खेळ आवडत असेल. पण बघणारं एकच माणूस होतं, म्हणून मी त्यांच्यासाठी धावायचो. ज्या दिवशी चेंडू येत नसे त्या दिवशीसुद्धा. आणि त्या शनिवारी तीच टोपी सुटावर घालून ते कुंपणाशी आले, तेव्हा मला कळलं, की उन्हाळाभर आपल्याला कोण बघत होतं.

एकतीस वर्षांचा पारखी, आणि शाळेतल्या पोराने पहिल्याच दिवशी तुला पारखलं. यावरून मी तुला मरेपर्यंत छळणार आहे.

मग त्याने खिशातून तुझं लाल बोंडूर काढलं. जूनमध्येच वेतांतून काढून ठेवलं होतं म्हणे, पुढच्या वेळी आजोबांना देऊ म्हणून. पण तू मान वर करीनास, त्यामुळे द्यायचं राहून गेलं. आता संघाच्या वसतिगृहात जाताना ते मी स्वतःजवळ ठेवू का, असं त्याने मला विचारलं. तुला न विचारता मी हो म्हटलं. तू कुणाचा पारखी आहेस ते तुमच्या संघाने ठरवावं, पण तो कुणाचा खेळाडू आहे हे काल माझ्या बैठकीत ठरलं.

त्याचा आणखी एक निरोप आहे, आता तो पोचवायला नियमाची आडकाठी नाही. पहिला सामना असेल तेव्हा आजोबांनी यावं, आणि मला नमस्कार करता येईल अशा जागी बसावं.

डिसेंबरात इकडेच ये. सूप जूनपासून तुझी वाट बघतंय.

तुझी,
ताई